एका दिवशी एकच देऊळ

रायरांनी माझी मुलाखत घेतली ती राजवाड्यामागच्या गल्ल्यांतून चालता चालता. ऑफिसात मी खुर्चीवर टेकते न टेकते तोच ते उठले आणि तमिळ ढंगात म्हणाले, "चल मा, जातां जातां बोलूं." पुढचा सगळा वेळ मी साडी सावरत त्यांच्या मागे पळत होते. फुलवाल्यांच्या ओळीतून, सायकलच्या दुकानापुढून, उभ्या ऑटोंच्या मधून ते वाट काढत होते आणि खांद्यावरून मागे एकेक प्रश्न टाकत होते. सोलापूरकडचे लोक सकाळी काय खातात? तिकडच्या म्हाताऱ्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, हे खरं का? का पीत नाहीत?

मी धापा टाकत म्हटलं, "वाटेत जायची सोय नसते म्हणून."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. "उद्यांपासून ये," म्हणाले, आणि समोरून येणाऱ्या टाउन बसमध्ये ती वेग कमी करते आहे तोवर चढूनही गेले. मी रस्त्यात एकटी उभी. परत ऑफिसकडे जायचं कसं, तेही मला ठाऊक नव्हतं.

रायर हे काही त्यांचं नाव नव्हे. तंजावुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या मराठी लोकांना तमिळ शेजारी रायरच म्हणतात. माझे सासरे रायर, नवराही रायर, आणि हे सगळ्या बाजाराचे "रायर सार". मी लग्न होऊन सोलापूरहून इथे आले तेव्हा घरातलं मराठी मला अर्धंच कळायचं. पणजोबांच्या पत्रांतल्यासारखे शब्द, आणि चाल मात्र तमिळची. रायरही तसंच बोलत. "तुम्हांस कोठें जाणें आहे?" असं ते फोनवर विचारत आणि पलीकडचा लातूरचा किंवा नगरचा माणूस घाबरून फोन ठेवून द्यायचा. त्याला वाटायचं, कोणीतरी कीर्तनकार बोलतो आहे. त्यासाठीच त्यांना मी हवी होते. महाराष्ट्रातून रामेश्वरला जाणारे यात्रेकरू वाटेत तंजावूर करतात आणि रायरांचा धंदा त्यांच्यावरच चालायचा.

ते कधी बसत नसत. ऑफिसात त्यांच्या टेबलाला खुर्ची होती, पण तिच्यावर प्रसादाच्या पिशव्या ठेवलेल्या असायच्या. फोनवर बोलताना ते दारातून रस्त्यावर जात, आणि कधीकधी बोलणं संपेपर्यंत पार पेठेच्या टोकाला पोचलेले असत. कॉफीचा टंबलर हातात घेऊन गल्लीभर फिरत आणि रिकामा टंबलर कुठल्यातरी भलत्याच ओट्यावर ठेवून येत. त्यांच्या बायको, सगळ्यांच्या मामी, दर शनिवारी शेजारपाजारी जाऊन आपले टंबलर गोळा करून आणायच्या. त्या शांत बाई होत्या. एकदा मला म्हणाल्या, "लग्नांत सप्तपदीला सुद्धां हे माझ्यापुढें चार हात गेले होते. भटजींनी परत बोलावलें."

यात्रेकरूंना घेऊन गेले की रायर देवळात जायचे नाहीत. लोक आत दर्शनाला, आणि हे बाहेर गटार कुठे वाहतं ते बघत. नळाचं पाणी ओंजळीत घेऊन त्याचा वास घेत. मागच्या बाजूला जाऊन उकिरडा पाहत. बस परत निघाली की दारात उभे राहून प्रत्येकाला तीन गोष्टी विचारत. पाणी कोठें प्यालांत? लघवीला कोठें गेलांत? जेवणाचें पान कोठें टाकलेंत? सुखवस्तू घरच्या बायका पदर तोंडाला लावायच्या. एका निवृत्त मामलेदारांनी चिडून विचारलं, की दर्शन कसं झालं हे कधी विचारता का? रायर म्हणाले, "तें देवास ठाऊक आहे. हें मात्र कोणासही ठाऊक नाही."

मी आले तेव्हा त्यांची एका दिवसात नवग्रह दाखवणारी बस होती. नऊ ग्रहांची नऊ देवळं कुंभकोणमच्या चहूबाजूंच्या गावांत विखुरलेली आहेत. दुपारी देवळं बंद होतात, म्हणून पहाटे निघायचं, धावत उतरायचं, धावत चढायचं. ही बस त्यांच्या थोरल्या भावाने सुरू केली होती. तो गेल्यावर ती यांच्या गळ्यात आली. त्यांच्या स्वभावाला ती शोभणारी होती असं कोणालाही वाटलं असतं. पण ते त्या बसवर कायम चिडलेले असायचे.

एकदा परभणीकडचा एक गट होता. त्यात एक आजी होत्या. ड्रायव्हरने मला नंतर सांगितलं, शुक्राच्या देवळापाशी सगळे उतरले, आजी उतरेनात. सून विनवत होती, मुलगा ओरडत होता. आजींनी खिडकीचा गज घट्ट धरून ठेवला आणि म्हणाल्या, "देवाला सांगा, मी बसमध्ये आहे."

रायर पायऱ्यांशी उभे होते. त्यांनी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला लावलं. मग लोकांना सांगितलं, की आजी उठतील तेव्हा निघू, तोवर ज्याला जे बघायचं ते बघा. आधी कुणाला ते खरं वाटलं नाही. आजींना बाजूच्या मंडपात चटई टाकून दिली, त्या झोपल्या. बस निघाली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. दोन देवळं राहिली आणि त्यात एक शनीचं. मग जो गोंधळ झाला तो मी ऑफिसात बसून फोनवर ऐकला. गटाचा पुढारी म्हणत होता, की शनी चुकवला म्हणजे आता तो मागे लागणार, याला जबाबदार कोण?

रायरांचा आवाज मला फोनमधून स्पष्ट ऐकू आला. "तो एका राशींत अडीच वर्षे बसतो. आपण त्यास वीस मिनिटें देतों. मागें लागणार नाही तर काय करील?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती बस बंद केली. पेठेत लोक म्हणाले, रायर सार खुळावले. मामी त्या दिवशी पहिल्यांदाच ऑफिसात येऊन बराच वेळ माझ्यापाशी बसून राहिल्या. रायरांनी बाहेरच्या पाटीवर रंगाऱ्याकडून तमिळ आणि मराठीत लिहून घेतलं, "एका दिवशी एकच देऊळ." मला रोज फोनवर तेच सांगावं लागे आणि रोज लोक विचारत, की ताई, मग बाकीच्या आठांचं काय?

त्यांनी जे देऊळ निवडलं होतं ते नवग्रहांपैकी नव्हतं. पापनाशमजवळ कावेरीच्या एका फाट्याला लागून लहानसं गाव आहे. त्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. जुनं शिवाचं देऊळ, पुढे दगडी पायऱ्यांचं तळं, चहूकडे भातशेतं. गावाला अशा देवळाचं काही अप्रूप नव्हतं. रायर महिन्यातून थोड्याच वेळा, एका व्हॅनमध्ये मावतील इतकीच माणसं तिथे न्यायचे. मोठ्या रस्त्यावर उतरून पाटाच्या काठाने गावापर्यंत चालायचं. सेल्वी अक्का नावाच्या बाईंच्या घरी केळीच्या पानावर जेवायचं. दुपारी देवळाच्या मंडपात आडवं व्हायचं, संध्याकाळी अभिषेक बघून परतायचं. पानं अक्कांची गाय खायची, भांडी राखेने घासली जायची. पाण्याची बाटली नेलीत तर ती रिकामी होऊन तुमच्याबरोबरच परत आली पाहिजे, यावर रायरांचा कडक पहारा असायचा.

मी बरेचदा बरोबर जायची. सगळे झोपलेले असायचे आणि हे एकटे देवळाला फेऱ्या मारत असायचे, उपरणं खांद्यावरून घसरलेलं, मधेच वाकून पायरीतला एखादा कागद उचलत. पण आलेली माणसं परत निघायला तयार नसत. बीडचे एक शिक्षक मला म्हणाले होते, की बाई, पंधरा वर्षं यात्रा करतोय, देवाच्या दारात झोप लागली ती आज. हे मी रायरांना सांगितलं, तर ते फक्त "सेरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि तळ्याकडे निघून गेले. तळ्यावर गावातल्या बायका धुणं धूत, अंघोळ करत, आणि आम्ही त्या बाजूला जायचं नाही असा रायरांचा नियम होता.

मग आमच्याच एका यात्रेकरू बाईंनी तिथून परत गेल्यावर एक व्हिडिओ केला. त्यांच्या मुलीचं लग्न बरीच वर्षं जमत नव्हतं, ते घरी गेल्यावर जमलं. बाईंना आनंद झाला होता. त्यांनी मोबाईलपुढे बसून देवळाचं नाव, गावाचं नाव, सगळं सांगितलं. त्यांनी वाईट असं काहीच केलं नव्हतं. पुढे कोणीतरी त्यात भर घातली, की तळ्यात अंघोळ करून अंगावरचे कपडे पाण्यातच सोडायचे, म्हणजे दोष तिथेच राहतो. टीव्हीवरच्या ज्योतिषाने तेच तमिळमध्ये सांगितलं. आणि माणसं येऊ लागली.

पहिल्यांदा ती गर्दी पाहिली तेव्हा मला गाव ओळखू आलं नाही. व्हॅन पार देवळाच्या दारापर्यंत घुसल्या होत्या. तळ्याच्या पाण्यावर साड्या, शर्ट, परकर तरंगत होते, काही बुडून चिखलात रुतले होते. तेलाच्या पणत्यांनी पायऱ्या काळ्या आणि निसरड्या झाल्या होत्या. गावातल्या बायका धुण्याच्या बादल्या घेऊन पाटाकडे चालल्या होत्या.

रायर रोज जायला लागले. सकाळच्या पॅसेंजरने पापनाशमला उतरायचे आणि तिथून मिळेल त्या वाहनाने पुढे. लांब बांबूला आकडा बांधून ते तळ्यातून कपडे ओढून काढत. नेसूची वेष्टी गुडघ्यावर, अंगावर चिखल. एक ढीग बाहेर काढेपर्यंत दुसरा पाण्यात पडलेला असायचा. कपडे सोडणारे लोक त्यांना सफाईवाला समजून हातावर नाणं ठेवायचे. ते नाणं घेऊन ते देवळाच्या पेटीत टाकत आणि परत बांबू उचलत. घरी गेल्यावर जेवताना ताट घेऊन अंगणात फिरत, असं मामी सांगायच्या. झोपेतही त्यांचे पाय हलायचे.

एके दिवशी त्यांनी ऑफिसची पाटी काढून नेली. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी स्वतः रंगाने लिहिलं होतं, "या तळ्यात स्नान केल्याने लग्न जमत नाही." तमिळमध्ये आणि खाली मराठीत. मोठ्या रस्त्यावरून गावाची वाट जिथे फुटते तिथे त्यांनी ती पाटी रोवली. मी बरोबर होते. तासाभरात सेल्वी अक्का आल्या. भाताच्या कामावरून तशाच आल्या असाव्यात, पायांना चिखल होता. त्यांनी पाटी वाचली, दोन्ही हातांनी हलवून उपटली आणि जमिनीवर आडवी ठेवली.

आरडाओरडा काही केला नाही. तमिळमध्ये, रोजच्याच आवाजात त्या म्हणाल्या, "सार, तुमची माणसं यायची तेव्हा आम्ही सांभार कमी तिखट केला. तुम्ही सांगाल तेव्हा दार उघडलं, सांगाल तेव्हा बंद केलं. आता जी येतात ती तुमची नाहीत. माझ्या शेजारणीचं फुलांचं दुकान आहे, माझी मुलगी नर्सिंग शिकते ती याच गर्दीवर. गर्दी नको म्हणायची तर आम्ही म्हणू. तुम्ही कोण?"

 रायर वळून पाटाच्या काठाने चालायला लागले. मी मागे. तसेच पापनाशमला आलो. स्टेशनवर गाडीला वेळ होता. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात येत त्यांनी मला विचारलं, "ती खोटें बोलली काय?"

मी म्हटलं, "नाही."

"मीही असेंच म्हणतों." पुन्हा टोकापर्यंत जाऊन आले. "गांव चांगलें दिसलें, म्हणून मला आवडलें. कोणासाठीं चांगलें, हें मी विचारलें नाही. बायका तळ्यावर येत म्हणून मी लोकांस तिकडे जाऊं दिलें नाही. पण एका बाईस तरी विचारलें काय, की तुम्हांस काय हवें?"

त्यानंतर काही आठवडे ते गावाकडे फिरकले नाहीत. ऑफिसात काम नव्हतं. ते सरस्वती महाल ग्रंथालयापर्यंत जात, परत येत, माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलून पुन्हा ठेवत. नवीन गट घेऊ का विचारलं तर "पाहूं" म्हणत. मामींनी एकदा त्यांचा हात धरून त्यांना ओट्यावर बसवलं, तर ते बसले, आणि मामी आत जाताच उठून गेले. त्यांचं वजन उतरलं होतं. मला त्यांची खरोखर काळजी वाटायला लागली होती.

मग सेल्वी अक्कांचा फोन आला, मला. तळ्याचं पाणी इतकं घाण झालं होतं की गावातली पोरं खरजेने हैराण झाली होती. बायकांनी पंचायतीत जाऊन बसायचं ठरवलं होतं. पण महाराष्ट्रातून येणाऱ्या लोकांना त्यांचं बोलणं कळत नव्हतं, म्हणून मी यायला हवी होते. मी विचारलं, रायर सारना आणू का?  त्या म्हणाल्या, "आणा. पाटी नको."

त्या सभेत रायर मागे भिंतीशी उभे राहिले. बोलत होत्या त्या बायकाच. त्यांना गर्दी हवी होती आणि तळंही हवं होतं. मला वाटत होतं, की रायर आता मधे तोंड घालणार. त्यांचे पाय एकसारखे जागा बदलत होते, पण ते भिंतीशीच राहिले. शेवटी अक्कांनीच त्यांना विचारलं, की सार, घाणीतलं तुम्हाला कळतं, तर तळ्यात उतरू न देता अंघोळ कशी घालता येईल? तेव्हा ते पुढे आले. देवळामागे नारळीच्या बागेत नळांची रांग लावा, म्हणाले, म्हणजे पाणी झाडांना जाईल. पुजाऱ्याने तळ्यातला एक तांब्या मंत्र म्हणून डोक्यावर ओतला की विधी झाला. पुजारी तयार झाला. सोडलेले कपडे बायकांनी घ्यायचे, उकळून धुवायचे आणि त्यांच्या पट्ट्या विणून पायपुसणी करायची, ही कल्पना अक्कांच्या शेजारणीची. आणि व्हॅन मोठ्या रस्त्यावरच थांबायला हव्यात, यावर सगळ्यांचं एकमत होतं. पण थांबवणार कोण?

"मी थांबवतों," रायर म्हणाले.

तेव्हापासून त्यांचं ऑफिस रस्त्यावर आलं. तंजावुरातली जागा त्यांनी सोडून दिली. ओला पंचा डोक्यावर टाकून, शिट्टी तोंडात धरून ते रस्त्याच्या मधोमध नाचल्यासारखे उभे असत. काही व्हॅन थांबत, काही त्यांना चुकवून आत घुसत. एकदा एका गाडीचा आरसा लागून कोपर सोलवटलं. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. लोक अजूनही कधीकधी लपून तळ्यात साडी सोडतात. पण गावातल्या बायका पुन्हा तळ्यावर यायला लागल्या, आणि मी रस्त्यालगतच्या शेडमध्ये बसून मराठी माणसांना नियम समजावून सांगायला लागले.

याच तै महिन्यात, संक्रांतीनंतर, जालन्याकडची एक गाडी आली. आई-वडील, आजी आणि तिशीला आलेली मुलगी. गाडी इथेच राहील म्हटल्यावर वडील खवळले. इतक्या लांबून आलो, आई चालू शकत नाही, म्हणाले. रायर आपली जुनी मोपेड घेऊन आले आणि आजींना मागे बसायला सांगितलं. आजी बसल्याही. मग वडिलांनी रायरांना अडवून हळू आवाजात विचारलं, "तुम्ही इथले दिसता. खरं सांगा, इथे येऊन लग्न जमतं का?"

 पाटीवर त्यांनी काय लिहिलं होतं ते मला आठवत होतं.

रायरांनी वडिलांकडे पाहिलंच नाही. मुलीकडे पाहिलं. "ही किती देवळें फिरली?"

"पुष्कळ," आई म्हणाली. "गेली सात-आठ वर्षं हेच चाललंय."

"मग दमली असेल," रायर म्हणाले, आणि मोपेड सुरू करून आजींना घेऊन गेले.

आई-वडील भराभर पुढे निघाले. मुलगी मागे राहिली म्हणून मी तिच्याबरोबर चालू लागले. पाटाच्या काठाने, भाताच्या कडेकडेने. कापणीला आलेलं शेत होतं.  तिने चपला काढून हातात घेतल्या. मग विचारलं, "ताई, देऊळ अजून किती लांब आहे?"

"आलंच आता," मी म्हटलं. "ती नारळीची झाडं दिसतात ना, तिथे."

ती थांबली. पुढे चाललेल्या आई-वडिलांच्या पाठीकडे तिने पाहिलं आणि म्हणाली, "मग आपण जरा हळू चालू या का?"

आम्ही हळू चाललो. संध्याकाळी ती मंडळी गेल्यावर मी रायरांना हे सांगितलं. एक व्हॅन येत होती आणि तिला अडवायला त्यांनी हात वर केला होता, शिट्टी ओठांत होती. त्यांनी माझं बोलणं ऐकलं आणि त्यांचे पाय थांबले. हात तसाच वर राहिला, शिट्टी वाजलीच नाही, आणि ती व्हॅन त्यांच्या बाजूने थेट गावात निघून गेली.